गढूळ झालेला घरचा जलतरण तलाव: मोजणी, मात्रा आणि क्रम

घरामागच्या जलतरण तलावाचे पाणी काल नितळ होते आणि आज तळाच्या फरश्या धूसर दिसू लागल्या आहेत, एवढे लक्षात आले की बहुतेक नवे मालक हाताशी असेल ते रसायन पाण्यात ओततात. त्याने पाणी कधीकधी निवळतेही; पण ते का निवळले हे कळलेले नसते, आणि पुढच्या खेपेला तीच बाटली ओतूनही पाणी ढिम्म राहिले की दुसरी बाटली उघडली जाते. वास्तविक गढूळपणाची कारणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, ती वेगवेगळी ओळखता येतात, आणि दुरुस्तीची कामे ठरावीक क्रमाने केली तर एक काम दुसऱ्याच्या आड येत नाही. तो क्रम येथे कारणांसह दिला आहे.

त्याआधी एक सूचना. तलावाच्या सर्वांत खोल भागातील तळाची जाळी काठावर उभे राहून स्पष्ट दिसत नसेल, तर त्या पाण्यात कोणीही उतरू नये. जंतूंचा धोका असतोच, पण त्याहून तातडीचे कारण असे की गढूळ पाण्यात बुडालेला माणूस काठावरून दिसत नाही.

आधी बरणीभर पाणी पाहावे

रसायनांच्या चाचण्यांपूर्वी पाच मिनिटांचे एक निरीक्षण करावे. काचेची पारदर्शक बरणी उपडी धरून कोपरभर खोल पाण्यात न्यावी, तेथे सरळ करून भरावी आणि बाहेर काढून उजेडात ठेवावी. बरणीतले पाणी तळाकडून वर असे एक-दोन मिनिटांत स्वच्छ होत गेले, तर तो गढूळपणा हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांचा आहे. अशा वेळी पंपाच्या झाकणाचे रबरी वायसर कोरडे पडलेले असते, किंवा तलावाची पातळी स्किमरच्या (पृष्ठभागावरचे पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतील खाचेच्या) तोंडाखाली गेल्यामुळे पंप पाण्याबरोबर हवाही ओढत असतो. क्लोरीनचा येथे काही संबंध नसतो.

पाणी तसेच राहिले, तर बरणीत चमचाभर पांढरे व्हिनेगर टाकून ढवळावे. त्याने पाणी निवळले, तर तरंगत असलेला पदार्थ कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुन्याचाच प्रकार, असतो; त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे. व्हिनेगरनेही फरक पडला नाही, तर बरणीमागे पांढरा कागद धरून पाण्याला हिरवट झाक आहे का ते पाहावे आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यात भिंतीवरून हात फिरवावा. झाक असेल किंवा भिंत बुळबुळीत लागत असेल, तर शेवाळ धरू लागले आहे. दोन्ही नसले, तरी अंगावरचे तेल, सनस्क्रीन, परागकण, धूळ आणि मेलेले शेवाळ यांचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. गढूळ तलावांपैकी बहुतेक याच शेवटच्या गटात मोडतात आणि त्यांच्या मुळाशी जवळजवळ नेहमी एकच गोष्ट असते: क्लोरीन गरजेपेक्षा कमी पडलेले असते, मग बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे ते घातले गेले असो वा नसो.

पाणी किती आहे, हे एकदाच नीट मोजावे

मात्रेचा प्रत्येक हिशेब तलावात किती घनमीटर पाणी आहे यावर चालतो. आयताकृती तलावासाठी लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा. उदाहरणार्थ, ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि एका टोकाला १ मीटर तर दुसऱ्या टोकाला १.८ मीटर खोल अशा, सारख्या उताराच्या तलावाची सरासरी खोली १.४ मीटर होते आणि त्यात ४४.८ घनमीटर, म्हणजे सुमारे ४५ हजार लिटर पाणी मावते. गोल तलावासाठी व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ०.७८५ असे धरावे. खोली भिंतीच्या वरच्या कडेपासून न मोजता पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजावी. ही चूक दिसते लहान, पण उथळ तलावात तिच्यामुळे हिशेब दहा टक्क्यांनी सहज चुकतो.

पीपीएम हे एकक चाचणी-संचावर सर्वत्र दिसते. त्याचा अर्थ एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम, म्हणजेच एका घनमीटरमध्ये एक ग्रॅम. हे एक वाक्य लक्षात राहिले की पुढचे सर्व हिशेब कागदाच्या कोपऱ्यावर करता येतात: ४५ घनमीटर पाण्यात क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला ४५ ग्रॅम क्लोरीन लागते, त्यापेक्षा गहन त्यात काही नाही.

चाचण्या: काय मोजायचे आणि कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा

मुक्त क्लोरीन, संयुक्त क्लोरीन, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा), अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा साठा), कॅल्शियमचा कठीणपणा आणि सायन्युरिक आम्ल (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे द्रव्य) या सहा गोष्टी मोजायच्या असतात. मुक्त क्लोरीन म्हणजे जंतू आणि शेवाळ मारण्यास अजून मोकळे असलेले क्लोरीन. घाम, लघवी आणि तत्सम पदार्थांतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी जोडले जाऊन जे जवळजवळ निकामी झाले ते संयुक्त क्लोरीन, आणि या दोहोंची बेरीज म्हणजे एकूण क्लोरीन. तलावाजवळ नाकाला झोंबणारा जो वास ‘क्लोरीन जास्त झाले’ म्हणून ओळखला जातो, तो मुख्यतः या संयुक्त क्लोरीनचा असतो. वास येतो म्हणून क्लोरीन बंद करणारे मालक म्हणूनच नेमके उलटे काम करतात.

बुडवून रंग पाहण्याच्या पट्ट्या रोजच्या अंदाजाला चालतात. गढूळ पाणी दुरुस्त करायचे असेल, तर थेंब मोजून वाचण्याचा संच वापरावा, कारण पट्टीवरच्या दोन छटांमधील अंतरात संपूर्ण निर्णय बदलू शकतो. पिवळा रंग देणारा जुना संच फक्त एकूण क्लोरीन दाखवतो, म्हणून तो या कामाला पुरत नाही. गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी चाचणीचीही एक खोड आहे, आणि ती मला पहिल्याच वर्षी महागात पडली. नळीत गोळी टाकली, क्षणभर गडद गुलाबी ढग उठला आणि पाहता पाहता पाणी रंगहीन झाले. मी वहीत ‘शून्य’ लिहिले आणि तलावात आणखी पाच लिटर द्रव क्लोरीन ओतले. प्रत्यक्षात क्लोरीन इतके जास्त होते की त्याने रंगच विरंजित करून टाकला होता. असा क्षणिक ढग दिसला, तर एक भाग तलावाचे पाणी आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळून पुन्हा चाचणी करावी आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणावे. ज्या संचात भुकटी टाकून गुलाबी झालेले पाणी थेंबाथेंबाने रंगहीन होईपर्यंत मोजतात, त्याला ही अडचण येत नाही आणि तो अर्ध्या पीपीएमपर्यंत फरक दाखवतो.

सायन्युरिक आम्लाची चाचणी वेगळीच असते. नमुन्यात द्रव मिसळल्यावर तो दुधाळ होतो, आणि हे मिश्रण तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतून तो ठिपका दिसेनासा होतो ती पातळी वाचायची असते. उन्हात, सूर्याकडे पाठ करून, नळी कमरेच्या उंचीवर धरून ती वाचावी आणि ठिपक्याकडे टक लावून पाहू नये. टक लावली की डोळा तो ठिपका नसतानाही शोधून काढतो.

मिळालेले आकडे पुढील मर्यादांशी ताडून पाहावेत: पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम, कॅल्शियमचा कठीणपणा २०० ते ४०० पीपीएम, सायन्युरिक आम्ल ३० ते ५० पीपीएम आणि संयुक्त क्लोरीन ०.५ पीपीएमपेक्षा कमी. मुक्त क्लोरीनचा आकडा मुद्दाम येथे दिलेला नाही.

क्लोरीन किती हवे, हे सायन्युरिक आम्ल ठरवते

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे उघड्या पाण्यातील क्लोरीन काही तासांत नष्ट करतात. सायन्युरिक आम्ल, ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात, क्लोरीनला सैलसर धरून ठेवते आणि उन्हापासून वाचवते. परंतु जे धरून ठेवलेले आहे ते त्या क्षणी जंतूंवर काम करत नाही. त्यामुळे स्टॅबिलायझर जितके जास्त, तितके तेच काम करण्यासाठी मुक्त क्लोरीनही जास्त लागते, आणि चाचणीत ‘२ पीपीएम’ दाखवणारे पाणी एका तलावात निर्मळ राहते तर दुसऱ्यात शेवाळ धरते, याचे कारण हेच आहे. व्यवहारात उपयोगी पडणारे प्रमाण असे की मुक्त क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या साधारण साडेसात टक्क्यांच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. आम्ल ४० पीपीएम असेल तर ही तळरेषा ३ पीपीएम होते. ते १०० पीपीएम असेल तर साडेसात. गढूळ पाणी दुरुस्त करताना हेच प्रमाण सुमारे ४० टक्के ठेवावे लागते, म्हणजे ३० पीपीएम आम्लाला १२, ४० ला १६ आणि ५० ला २० पीपीएम मुक्त क्लोरीन.

आता प्रश्न असा की हे आम्ल वाढते कसे. तरंगत्या डब्यात ठेवायच्या ज्या पांढऱ्या वड्या सर्वत्र वापरल्या जातात, त्या ट्रायक्लोरच्या असतात, आणि ट्रायक्लोरमध्ये क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल एकत्र बांधलेले असते. या वड्यांतून मिळालेल्या प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनबरोबर सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात येते. तलाव रोज २ पीपीएम क्लोरीन खात असेल, तर दोन महिन्यांत १२० पीपीएम क्लोरीन वापरले जाते आणि आम्ल ७० पीपीएमहून अधिक वाढते. क्लोरीन संपून जाते, आम्ल मागे राहते. पाण्याची वाफ झाली तरी ते जात नाही, बॅकवॉशबरोबर (गाळणी उलट प्रवाहाने धुताना बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर) किंवा उडालेल्या पाण्याबरोबर गेले तेवढेच जाते. हंगामाच्या सुरुवातीला उत्तम चाललेला तलाव, मालकाने काहीही न बदलता, मधेच गढूळ का होऊ लागतो, या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा या वड्यांच्या डब्यात सापडते. मला स्वतःला वड्या सुट्टीवर जातानाच्या आठवड्यापुरत्या बऱ्या वाटतात, रोजच्यासाठी नाहीत.

आम्ल १०० पीपीएमच्या घरात असेल, तर ४० पीपीएम क्लोरीन धरून ठेवण्याचा आटापिटा करू नये. अर्धे पाणी बदलले की आम्लही अर्धे होते, आणि तेच सोपे पडते. मात्र तलाव एकदम पूर्ण रिकामा करू नये: जमिनीत पाण्याची पातळी वर असेल तर रिकामे कवच खालच्या दाबाने उचलले जाऊ शकते, आणि प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तलावात ते आकसते व पुन्हा नीट बसत नाही. एका वेळी थोडे पाणी काढून तेवढे भरणे सुरक्षित असते.

रसायने हाताळताना

मात्रा देण्यापूर्वी हे नियम वाचणे आवश्यक आहे, कारण येथील चुका दुरुस्त करता येत नाहीत. आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही द्यायची असतील तर पंप चालू ठेवून मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्यावा. कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोर ही दोन्ही ‘क्लोरीन’ असली तरी एका डब्यात, एका चमच्याने किंवा एका फीडरमध्ये एकत्र आली तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. दाणे विरघळवायचे असतील तर बादलीत आधी पाणी घ्यावे आणि त्यात दाणे टाकावेत, दाण्यांवर पाणी कधीही ओतू नये. हातमोजे आणि चश्मा घालावा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, आणि द्रव्य पाणी परत येणाऱ्या तोटीच्या समोर, पृष्ठभागाजवळून सावकाश ओतावे. प्लॅस्टिकच्या अस्तरावर न विरघळलेले दाणे बसले तर तेथे पांढरा डाग पडतो, तो कायमचा.

पहिले काम: पीएच

क्लोरीन पाण्यात हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन अशा दोन रूपांत वावरते. जंतुनाशक म्हणून पहिले रूप कितीतरी प्रबळ आहे. पीएच ७.५ च्या आसपास दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात, ७ ला सुमारे तीन चतुर्थांश भाग प्रबळ रूपात असतो आणि ८ ला तो एक चतुर्थांशावर येतो. स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात हा फरक इतका तीव्र राहत नाही. तरीही पीएच आधी बसवण्याची आणखी दोन कारणे आहेत. एक, मुक्त क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेले की पीएचची रंगचाचणी चुकीचा, सहसा प्रत्यक्षाहून चढा, आकडा दाखवते, म्हणजे नंतर मोजण्याची सोय उरत नाही. दोन, चढ्या पीएचच्या पाण्यात भरपूर हायपोक्लोराइट ओतल्यास कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडून एका गढूळपणात दुसऱ्याची भर पडते.

म्हणून पीएच ७.२ च्या जवळ आणावे. ते उतरवण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा सोडियम बायसल्फेट वापरतात. मात्रा अल्कलिनिटीवर अवलंबून असल्यामुळे बाटलीवर दिलेल्या मात्रेच्या निम्मीच द्यावी, तासाभराने मोजावे आणि मग उरलेल्याचा निर्णय घ्यावा. पीएच फार खाली असेल तर सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) थोडा थोडा द्यावा. तो एकदम दिल्यास पाणी तेथल्या तेथे पांढरे होते, आणि पाहणाऱ्याला उपायानेच रोग आणला असे वाटते. ते काही तासांत विरते.

अल्कलिनिटी म्हणजे पीएचला हिंदकळू न देणारा साठा. ती ६० पीपीएमच्या खाली असेल तरच या टप्प्यावर वाढवावी. खाण्याचा सोडा त्यासाठी पुरेसा आहे: प्रत्येक घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम सोड्याने अल्कलिनिटी १० पीपीएमने वाढते, म्हणजे ४५ घनमीटरला साधारण ७६० ग्रॅम. ती थोडी कमी-जास्त असेल तर सध्या सोडून द्यावी. नवखे लोक गढूळ तलावात अल्कलिनिटीच्या मागे फार लागतात, आणि पाणी मात्र त्याने निवळत नाही.

दुसरे काम: क्लोरीन चढवणे आणि चढते ठेवणे

पाकिटावर ‘शॉक’ असे ठळक लिहिलेले असले तरी आत बहुधा नेहमीच्याच प्रकारांपैकी एखादे क्लोरीन असते. शॉक हे मात्रेचे नाव आहे. या कामासाठी द्रव सोडियम हायपोक्लोराइट सर्वांत निर्धोक, कारण त्यातून ना स्टॅबिलायझर वाढते ना कॅल्शियम. कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या दाण्यांतून १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ७ पीपीएम कठीणपणा वाढतो. पाणी मुळात मृदू असेल तर हे चालते. साधी ब्लीचिंग पावडर मात्र या कामी घेऊ नये, कारण तिच्यातील चुना विरघळत नाही आणि तोच पाण्यात तरंगत राहतो. स्टॅबिलायझर बांधलेले असल्यामुळे डायक्लोर आणि ट्रायक्लोर या वेळी वर्ज्य समजावेत.

उदाहरणातील तलावात सायन्युरिक आम्ल ३० पीपीएम आहे आणि मुक्त क्लोरीन १ पीपीएम, असे धरू. लक्ष्य १२ पीपीएम असल्याने वाढ ११ पीपीएमची हवी. ११ गुणिले ४५ म्हणजे ४९५ ग्रॅम क्लोरीन. दहा टक्क्यांच्या द्रवात एका लिटरमध्ये साधारण १०० ग्रॅम क्लोरीन असते, म्हणजे ५ लिटर द्रव लागेल; ६५ टक्क्यांचे दाणे वापरल्यास सुमारे ७६० ग्रॅम. द्रव क्लोरीन उष्णतेत पडून राहिले तर आठवड्यागणिक निर्बल होत जाते, म्हणून जुन्या बाटलीने हिशेब जुळला नाही तर गणिताला दोष देऊ नये. मात्रा सूर्य मावळताना द्यावी, पंप चालू ठेवावा आणि अर्ध्या तासाने मोजावे.

बहुतेकांचा प्रयत्न फसतो तो यानंतर. क्लोरीन एकदा १२ पर्यंत नेले, रात्रभरात ते ३ वर आले आणि सकाळी पाणी थोडे बरे दिसले, की काम झाले असे समजून ते थांबतात. चार दिवसांनी पाणी पुन्हा जैसे थे होते. क्लोरीन खाली आले याचा अर्थ त्याला खाणारे काहीतरी पाण्यात अजून शिल्लक आहे. म्हणून पहिल्या दिवशी शक्य असेल तर दर दोन-तीन तासांनी आणि नंतर दिवसातून किमान दोनदा मोजून, जितके कमी झाले तितके भरून काढत राहावे. या काळात रोज एकदा भिंती, पायऱ्या आणि तळ ब्रशने घासावेत, कारण शेवाळाच्या बुळबुळीत थराखाली क्लोरीन पोचत नाही. शेवाळ मेले की पाणी हिरवटावरून राखाडी-पांढरे होते, म्हणजे पूर्वीपेक्षाही गढूळ दिसू शकते. ती प्रगती आहे. मेलेले कण आता गाळणीच्या वाट्याला आले आहेत.

तिसरे काम, जे पहिल्या दिवसापासून चालू असते: गाळणी

क्लोरीन मारते, पण उचलून बाहेर काढत नाही. वाळूची गाळणी साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण पकडते, कार्ट्रिज (काढून धुता येणारी घड्यांची गाळणी) १० ते २० आणि डायटम मातीची (सूक्ष्म शैवालांच्या जीवाश्म कवचांच्या भुकटीची) गाळणी ३ ते ५. गढूळपणाचे कण पुष्कळदा याहून लहान असतात आणि वारंवार फिरतानाच एकमेकांना चिकटून अडकतात. शिवाय गाळलेले पाणी तलावात परत येऊन न गाळलेल्या पाण्यात मिसळते, त्यामुळे तलावाइतके पाणी एकदा गाळणीतून गेले म्हणजे तलाव एकदा गाळला गेला असे होत नाही. एका फेरीत सुमारे ६३ टक्केच पाणी प्रत्यक्षात गाळणीला लागलेले असते आणि ९८ टक्क्यांपर्यंत पोचायला चार फेऱ्या लागतात. तासाला ९ घनमीटर फिरवणाऱ्या पंपाला आपल्या ४५ घनमीटरच्या तलावात त्यासाठी वीस तास लागतात. पाणी निवळेपर्यंत पंप अहोरात्र चालवायचा तो यासाठी.

गाळणी नुकतीच स्वच्छ केलेली असताना दाबमापकावर जो आकडा दिसतो, तो टाकीवरच लिहून ठेवावा. दाब त्यापेक्षा एक चतुर्थांशाने वाढला की बॅकवॉश करावा, म्हणजे ०.८ बारवर सुरू झालेल्या गाळणीला १ बारवर. त्याआधी उगीच करू नये. वाळूत अडकलेला थोडा मळ पुढचे बारीक कण अडवायला मदत करतो, आणि रोज धुतलेली वाळू सर्वांत वाईट गाळते. उलट, दाब कधीच वाढत नसेल आणि पाणीही निवळत नसेल, तर वाळूत पाण्याने थेट वाटा पाडल्या असाव्यात किंवा वाळू जुनी झाली असावी.

गाळणीवरच्या, पाण्याची वाट बदलणाऱ्या झडपेची मूठ फिरवण्यापूर्वी दर वेळी पंप बंद करावा, आणि फिरवल्यावर ती कोठे थांबली ते वाचावे. एकदा माझ्या तलावात क्लोरीन जागेवर, पीएच जागेवर, रात्रीत घटही नाही, आणि तरी तीन दिवस पाणी ताकासारखेच. अखेर लक्ष गेले ते दाबमापकाकडे, कारण तो नेहमीपेक्षा कमी दाखवत होता. मूठ ‘फिल्टर’ऐवजी ‘रीसर्क्युलेट’वर होती, पाणी तीन दिवस इमानेइतबारे फिरत होते, वाळूला मात्र स्पर्शही न करता.

तरंगता चुना असेल तर

व्हिनेगरच्या चाचणीत पाणी निवळले असेल, तर क्लोरीनची मोहीम काढण्याचे कारण नाही. पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि तापमान यांपैकी एक किंवा अनेक चढले की कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळून राहू शकत नाही. या चार गोष्टींवरून, विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण जोडीला धरून, पाणी चुना सोडेल की विरघळवेल हे सांगणारा निर्देशांक विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडला आणि तो आजही वापरला जातो. तलावासाठी तो उणे ०.३ ते अधिक ०.३ यांच्या दरम्यान असावा. हाताशी असलेला उपाय पीएचचा: ते ७.२ पर्यंत उतरवावे, अल्कलिनिटी जास्त असेल तर आम्लाच्या त्याच मात्रांनी तीही उतरत जाते, आणि गाळणी अखंड चालवावी. कठीणपणा ५०० च्या पुढे असेल तर थोडे पाणी बदलण्याखेरीज टिकाऊ मार्ग नाही. अशा तलावात कॅल्शियम हायपोक्लोराइट बंद करावे.

क्लॅरिफायर आणि तुरटी

या दोन्ही गोष्टी क्लोरीन स्थिर झाल्यावरच वापराव्यात. शेवाळ जिवंत असताना वापरल्यास ते वाढतच राहते आणि मात्रा वाया जाते. क्लॅरिफायर सूक्ष्म कणांचे गाळणीत अडकतील असे पुंजके करतो. जास्त घातला तर कण पुन्हा एकमेकांना दूर लोटू लागतात आणि पाणी अधिकच गढूळ होते, म्हणून ‘थोडा जास्त असू दे’ हा विचार येथे चालत नाही. तुरटीच्या जातीचा फ्लॉक, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट, कणांना तळाशी बसवतो: तो पसरून पंप बंद करायचा, रात्रभर पाणी हलू द्यायचे नाही, आणि सकाळी तळावरचा मऊ थर न ढवळता व्हॅक्यूमने ‘वेस्ट’ मार्गे, म्हणजे गाळणी टाळून थेट, बाहेर टाकायचा. तो थर गाळणीतून नेल्यास वाळू चोंदते. या पद्धतीत बरेच पाणी खर्च होते आणि अल्कलिनिटीही घटते, पण उद्याच पाणी निवळायला हवे असेल तर दुसरा इतका जलद मार्ग नाही. कार्ट्रिजच्या गाळणीला बहुधा ‘वेस्ट’ची वाट नसते, तेथे फ्लॉक वापरू नये आणि कार्ट्रिज रोज धुण्याची तयारी ठेवावी.

थांबायचे केव्हा

पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसणे पुरेसे नाही. सूर्यास्तानंतर मुक्त क्लोरीन मोजावे, रात्री काहीही घालू नये आणि सूर्योदयापूर्वी पुन्हा मोजावे. रात्री ऊन नसल्यामुळे जी घट होते ती पाण्यातील सेंद्रिय पदार्थांनीच केलेली असते. घट १ पीपीएम किंवा त्याहून कमी, संयुक्त क्लोरीन ०.५ किंवा त्याहून कमी आणि तळाची जाळी लख्ख दिसणारी, या तिन्ही अटी एकाच सकाळी पूर्ण झाल्या की चढती मात्रा थांबवावी. उन्हाने क्लोरीन आपोआप उतरते. ते रोजच्या पातळीवर आले, पीएच पुन्हा मोजून मर्यादेत सापडले, की मग पोहायला हरकत नाही. अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि स्टॅबिलायझर यांची बारीक जुळवाजुळव त्यानंतर निवांतपणे करावी. स्टॅबिलायझर कमी असेल तर प्रत्येक घनमीटरला १ ग्रॅमने ते १ पीपीएम वाढते. जुन्या मोज्यात भरून ते तोटीसमोर टांगावे आणि चाचणीत पूर्ण आकडा दिसायला आठवडाभर लागू शकतो हे धरून पुन्हा घालण्याची घाई करू नये.

पाच-सहा दिवस क्लोरीन जागेवर ठेवूनही रात्रीची घट १ पीपीएमच्या खाली येत नसेल, तर ब्रश न पोचणाऱ्या जागा तपासाव्यात: स्किमरच्या झुलत्या झडपेची मागची बाजू, शिडीच्या पोकळ दांड्या, पायऱ्यांखालची फट, आणि विशेषतः पाण्यातील दिव्यामागचा कोनाडा. वीज मुख्य बटणापासून बंद करून दिवा बाहेर काढला की तेथे पुष्कळदा हिरव्या मखमलीसारखा जाड थर निघतो. तो घासून काढल्यावर त्याच रात्री घट मोजावी.